टिटवीची चार अंडी

पाचोळ्याला हात घालण्याआधी ती झाडूचा दांडा जमिनीवर तीनदा आपटायची आणि म्हणायची, "सरा रं बाबांनो, मी आलीया." मग थोडा वेळ नुसती उभी राहायची. विंचू, सरडे, सगळ्यांना आपापलं आवरायला वेळ मिळाला असं वाटलं की झाडायला लागायची.

भूगावातल्या आमच्या घरामागे दोन खोल्यांएवढं परसदार आहे. तिथली झाडलोट करायला ती आठवड्यातून तीनदा येई. मी तिला मावशी म्हणे, ती मला वैनी. साठीची, उंच, काटक. धनगराच्या घरातली, मेंढरं केव्हाच विकली गेली होती.

देव्हाऱ्यासमोर हात जोडताना मी तिला कधी पाहिलं नाही. पण कुंडीखाली बेडूक सापडला, तर तव्यावरची पोळी सोडून मला बाहेर यावं लागे.

"डोळं बगा कसं केल्यात त्यानं. सोन्याची कड हाय. कुनी बगनार न्हाई, तरी केलीया."

एकदा मोरीच्या पाइपाजवळ धामण निघाली. मी घाबरून सर्पमित्राचा नंबर शोधू लागले. मावशी म्हणाली, "कशाला त्या मानसाला तरास? उंदरासाठी आलीया ती. तुमच्याकडं तिचं काय काम न्हाई." धामण भिंतीच्या कडेने निघून गेली. मी पुढचा आठवडाभर परसात पाय टाकला नाही आणि मावशी आठवडाभर पदराआड हसत राहिली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यासोबत उभं राहिलं की आपल्याच अंगणात आपण पाहुणे वाटतो.

गेल्या एप्रिलमध्ये तिने मला भिंतीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर नेलं. खडीकडे बोट दाखवून म्हणाली, "बगा." मला काही दिसेना. तिने बोट आणखी खाली नेलं, तेव्हा कुठे त्या खड्यांतली टिटवीची चार अंडी वेगळी दिसली. तोच मातकट रंग, तेच काळे ठिपके.

चारच दिवसांनी सकाळी प्लॉटवर जेसीबी आला. मावशी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. चालक उतरला, त्याने अंडी पाहिली आणि डोकं खाजवलं. "मैं क्या करूँ, अम्मा? मालिक का काम है." तरी त्याने मशीन दुसऱ्या टोकाला नेलं.

मी फोन करत सुटले. साइटवरच्या सुपरवायझरला, वनखात्याला, पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या एका गटाला. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. एकाने फोटो पाठवायला सांगितलं. मी पाठवला. आलं कुणीच नाही.

"हातहातभर सरकवू," मावशी म्हणाली. "आपल्या भिंतीपातुर आणू." तिने एक हात अंतरावर उथळ खळगा केला, तीच खडी अंथरली, पानाने उचलून अंडी त्यात ठेवली आणि आम्ही लांब जाऊन बसलो. टिटवी आली. बसली. तासाभराने आणखी एक हात. बराच वेळ ओरडून, पण बसली. तिसऱ्यांदा मात्र बसेना. नुसती डोक्यावर घिरट्या घालत राहिली. ऊन असं होतं की खडीला हात लाववत नव्हता. मावशी दोन्ही हातांनी पदर ताणून अंड्यांवर सावली धरून उभी राहिली. भिंत अजून वीस हात लांब होती.

दुपारी चारला सुपरवायझर आला. उद्धट नव्हता. "मावशी, आता बाजूला व्हा. माझी नोकरी जाईल," एवढंच म्हणाला.

तिने अंडी पदरात घेतली आणि आमच्या परसात खडी पसरून त्यावर ठेवली. दोन्ही टिटव्या अंधार पडेपर्यंत ओरडत राहिल्या; पण प्लॉटवर, जिथे आधी घरटं होतं तिथे. आमच्या परसाकडे त्या फिरकल्याच नाहीत.

मला राग आवरेना. "मावशी, तुमचा देव काय करत होता आज?"

तिने पदरातली माती झटकली. मग म्हणाली, "त्यानं त्याचं केलं की. दगडासारखा रंग दिला, कुनाला दिसू नयेत म्हनून. त्याला बिचाऱ्याला जेसीबी कुटं ठावा हुता?"

पावसाळ्यात तिचे गुडघे गेले. मुलीने तिला धरणापलीकडे, लवासाच्या वाटेवरच्या वाडीत नेलं. आमच्या मागच्या प्लॉटवर इमारतीचे सहा मजले चढले.

दिवाळीत तिचा फोन आला. तब्येतीचं मी विचारलं. तिने ते उडवून लावलं. "वैनी, जरा फोन मागं न्या. कोन पाखरू बोलतंय ते ऐकू द्या."

मी परसात गेले आणि फोन समोर धरला. पलीकडे ड्रिलिंग चालू होतं. ते थांबलं की फरशी कापायचं मशीन सुरू व्हायचं. मी फोन कानाला लावला. "मावशी, आज काही ऐकू येणार नाही."

"ऱ्हाऊ द्या तसाच," ती म्हणाली. "मधी थांबंल की ते."

मी पुन्हा हात लांब केला. मशीन थांबेना. खांदा भरून आला तशी मी हात बदलला. बऱ्याच वेळाने पाहिलं. वाडीची रेंज गेली असावी; फोन कधीचाच कट झाला होता.