सरांचा खोकला

मुंबईत जन्म काढून एकदाही कुणाला अरे-तुरे न केलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या लालबागच्या शाळेत इतिहास शिकवत होता. पाचवीतल्या शेंबड्या पोरालाही सर 'अहो' म्हणत. स्टाफरूममधल्या मांजरीला "जरा सरकता का?" असं विचारून ती सरकेपर्यंत उभे राहत. एकदा माझ्याबरोबर मिरची गल्लीत आले. हातगाडीवाला "ए, बाजू!" करत अंगावर आला, तर हे बाजूला होऊन त्याचं नाव-गाव विचारत बसले. तो सावंतवाडीचा निघाला. तोवर मी चाळीस वेळा शिंकले.

त्यांना एक खोकलाही होता. मी पर्यवेक्षिका. मधल्या सुट्टीनंतर नववी ड जिन्यावरून धडधडत आली की मी ओरडायची, "झुरळं कुठली! रांगेत चला!" त्याच वेळी वर तिसऱ्या मजल्यावर सर हमखास खाकरत. जिन्यात धूळ फार, म्हणून मी त्यांना ज्येष्ठमधाची पुडी आणून दिली. "आभारी आहे, बाई," म्हणून त्यांनी त्यातली कांडी निमूट चघळली.

याच वर्गाला ते वंशसंहार आणि मानवी हक्क शिकवत. परीक्षेत त्याला गुण फारसे नाहीत, तरी हे तीन तास घेणार. पहिल्या तासानंतर वर्गातल्या साक्षीची आई लेकीची काळजी घेऊन शाळेत आली. "चेडू दोन दिस धड जेवूक नाय. असला काय शिकवतास?" मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "मागे बसून बघा आणि बंद करायचं का ते लिहून द्या." सर एवढंच म्हणाले, "हे तास गेले तर मीही जाईन, बाई." निवृत्तीला दोनच वर्षं होती त्यांच्या. तरी मी मनात 'बंद' लिहून टाकलं होतं. पोरी जेवल्या पाहिजेत.

मी शेवटच्या बाकावर बसले. फोटो नाहीत, रक्त नाही. विषय रवांडा. "मारणं शेवटी आलं," सर म्हणाले. "त्याआधी काय आलं, कोण सांगतं?"

साक्षी उठली. "आधी रेडिओवर माणसांना झुरळं म्हणायला लागले, सर." थांबली. मग एका दमात, "पण आम्हाला तर बाई रोज म्हणतात."

सगळा वर्ग मागे वळला. सर अजिबात खोकले नाहीत.

मी उभी राहिले. "चुकलं माझं. पुन्हा नाही म्हणणार." मग विचारलं, "जेवत का नव्हतीस गं?"

"पहिल्या तासापासून तुम्हाला सांगायचं होतं. भीती वाटत होती."

"आणि आता?"

"आता भूक लागलीय, बाई."

वर्ग हसला आणि माझा जीव भांड्यात पडला. मी लिहून दिलं : 'तास चालू ठेवावेत. पर्यवेक्षिकेने तोंड आवरावे.' सरांना मात्र सोडलं नाही. "एवढी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलत होतो की, बाई. ज्येष्ठमध मात्र छान होतं."

मागच्या वर्षी ते निवृत्त झाले. नववी ड अजूनही तशीच धडधडत येते. शब्द जिभेवर येतो, मी गिळते आणि म्हणते, "अहो, हळू!" पोरं खिदळतात. मी उगाच वर बघते. तिसऱ्या मजल्यावर कुणी खाकरत नाही. त्यांच्यासाठी आणलेली ज्येष्ठमधाची एक पुडी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.