मला नको असलेलं गाणं

यवतमाळच्या आमच्या चर्चमध्ये मी एकतीस वर्षं पेटी वाजवली. राळेगावच्या शाळेत शिकवायला मी रोज एसटीने जात-येत असे. आठवडाभर कितीही दमले तरी रविवारची पेटी मी कधी चुकवली नाही. एका रविवारी नेहमीसारखी उपासनेच्या अर्धा तास आधी पोचले, तर पेटी जागेवर नव्हती. मागच्या अडगळीच्या खोलीत ढकलून दिली होती आणि तिच्यावर आमची गीतांची पुस्तकं बारदानाच्या पोत्यात बांधून ठेवली होती. समोर ड्रम, कीबोर्ड आणि माझ्या उंचीचे दोन स्पीकर. भिंतीवर रंगवलेलं बायबलचं वचन पांढऱ्या पडद्यामागे झाकलं गेलं होतं.

नवे पाळकसाहेब माझ्या मुलाच्या वयाचे. ते म्हणाले, "काकू, तरुण मुलं यायची बंद झाली होती. आता बघा, बाकं भरतात."

"आणि आम्ही? आम्ही काय बाकांवर बसायचो नाही?"

"तुम्हीही गा ना त्यांच्यासोबत," असं ते अगदी प्रेमाने म्हणाले. त्या प्रेमाचा मला जास्त राग आला.

आमची जुनी गीतं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. आमच्या वाडवडिलांनी ख्रिस्ताची ओळख आपल्या भाषेत, आपल्या रागांत, भजनाच्या ठेक्यात बसवली. माझ्या आईची प्रेतपेटी उचलली ती अशाच एका गीतावर. त्या गीतांत दुःखाला जागा होती आणि विचाराला शब्द होते. आणि आता हे काय? चार शब्द, पंधरा वेळा तेच. ‘धरून ठेव, मला धरून ठेव.’ खाली ड्रम असा की छातीत धडकी भरावी. एकदा सांगून देवाला ऐकू येत नाही का, असं मी मोठ्याने म्हटलं आणि उपासना अर्धी टाकून बाहेर पडले. पुन्हा गेले नाही.

माझे यजमान मात्र जात राहिले. ते पोस्टातून निवृत्त झालेले, स्वभावाने मऊ. वाद आला की चप्पल घालून फिरायला निघणारे. एका रविवारी ते परत आले तेच गाणं गुणगुणत. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "त्या गाण्यातला एक शब्दही या घरात नको!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते टीव्ही लावून बसले. त्यानंतर चर्चबद्दल त्यांनी घरात अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, मी जिंकले.

असे आठ महिने गेले. एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातला वस्तरा खाली पडला आणि ते भिंतीला घसरत बसले. उजवा हात गेला, वाचा गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतील, कदाचित येणारही नाहीत. मी नाव विचारलं तरी ते फक्त "अं, अं" करत आणि मग डोळ्यांत पाणी आणत.

मला वाटलं, आता माझी गीतं कामी येतील. त्यांच्या उशाशी बसून मी आमची सगळी आवडती गीतं म्हटली. लग्नात गायलेलं म्हटलं, नाताळचं म्हटलं. नऊ दिवस म्हटली. त्यांचे ओठ हलले नाहीत. उलट दोनदा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हा मी देवाशी भांडले, जिन्यात उभी राहून, येणारे-जाणारे पाहत असताना. एकतीस वर्षं तुझी गाणी वाजवली, आणि तू माझ्या माणसाच्या तोंडून एक शब्द काढू देत नाहीस! प्रार्थना मी त्या दिवशी केली नाही. मुद्दाम केली नाही.

दहाव्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक म्हातारे आले. जन्मभर राजूरच्या कोळशाच्या खाणीत राबलेले. पडून मांडीचं हाड मोडलं होतं. सोबत त्यांची मुलगी सरिता. तिशीची असेल, आवाज घोगरा. दुपारी तिने मोबाइल लावला आणि सोबत गाऊ लागली. तेच गाणं. धरून ठेव, मला धरून ठेव.

माझा तोल सुटला. "बंद कर थे! हा दवाखाना हाय, तमाशा नाई!"

तिने मोबाइल बंद केला. म्हणाली, "काकू, माह्या बाले लय दुखून राह्यलं. हे गाणं म्हटलं का थो शांत होते. तोंडानं हळू म्हनू का?"

"नाई. माह्यासमोर हे गाणं नाई."

"काहून वं काकू? गाण्यानं तुमचं काय केलं?"

थोड्या वेळाने नर्सने म्हाताऱ्यांची कूस बदलली आणि ते कळवळले. सरिताने माझ्याकडे न पाहता वडिलांच्या कानाशी तेच गाणं सुरू केलं, अगदी खालच्या आवाजात. तिला थांबवायला मी उठले, आणि माझ्या पाठीमागून आवाज आला.

"धरून ठेव, मला धरून ठेव."

मी वळले. हे गात होते. बोबडं नव्हे, अडखळत नव्हे. सगळी ओळ, सुरात. डावा हात खाटेच्या लोखंडावर ठेका धरत होता.

खरं लिहायचं म्हणून लिहिते: त्या क्षणी मला आनंद झाला नाही. संताप झाला. हेच गाणं का? माझी एकतीस वर्षं सोडून हे चार शब्द का? सरिता मात्र हसत-रडत धावत आली, त्यांचा हात घट्ट पकडून गात राहिली. "थांबू नका काका, म्हना!" मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "काकू, तुमीबी म्हना ना. थे तुमच्याकडंच पाहून राह्यले."

मला पुढची ओळ येत नव्हती. ते माझ्याकडे पाहत गात होते, आणि मला ती येत नव्हती, कारण मीच तिला घरात येऊ दिलं नव्हतं. त्यांची वाचा आजाराने नेली हे खरं. पण त्याआधी आठ महिने मी काय केलं होतं? मी खाटेच्या कडेला बसले.

नर्स म्हणाली, असं कधी कधी होतं, बोलणं जातं पण गाणं राहतं; आता त्यांना जे सांगायचं ते याच चालीत म्हणू द्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या चालीत "पाणी दे" म्हटलं. मग "उशी दे". ते कसं झालं यावर मी वाद घालणार नाही. मला एवढंच कळतं की जिला मी सगळ्यांदेखत हाड्‌हुड् केलं, तिच्याच हाताने यांचे शब्द माझ्या दारी आले. वडिलांना घरी नेईपर्यंत तीन दिवस सरिता दुपारी मला ते गाणं शिकवत होती. शिक्षिका मी, आणि ती माझा उच्चार दुरुस्त करत होती. जाताना तिची माफी मागायला गेले, तर म्हणाली, "जाऊ द्या ना काकू. तुमी थकल्या होत्या."

आता हे चाकाच्या खुर्चीवर चर्चला येतात. पाळकसाहेबांना मी स्पष्ट सांगितलं की ड्रम फार मोठा आहे आणि पुस्तकं पोत्यातून काढा. त्यांनी पुस्तकं काढली, महिन्यातून दोन रविवार जुनी गीतं ठेवली. ड्रम मात्र आहे तसाच आहे. माझा राग पूर्ण गेलेला नाही, आणि गेला असं खोटं लिहिणार नाही. पण मी देवाच्या गाण्यांची राखणदार आहे असं समजत होते. त्याला राखण नको होती. मी मूठ उघडावी एवढंच त्याला हवं होतं. उपकार त्याचे, की मूठ उघडेपर्यंत तो थांबला.

गेल्या रविवारी मुलांनी मला नवंच असलेलं एक गाणं घेतलं. मला अजिबात येत नव्हतं. ह्यांना येत होतं, मी चर्चला जात नव्हते त्या आठ महिन्यांत शिकलेलं. मी त्यांच्या ओठांकडे पाहत, त्यांच्या एक शब्द मागून, शेवटपर्यंत गायले.