बिनतर्रीचे पोहे

बाळांनो, परवा तुमच्या बाबांचा फोन आला. डॉक्टरांनी त्याला तेल कमी करायला आणि रोज चालायला सांगितलं आहे, हे त्याने हसत हसत सांगितलं. तुमच्या आजोबांनाही हेच सांगितलं होतं, साधारण याच वयात. तेव्हा आमच्या घरात कोणी हसत नव्हतं. तुमचा बाबा त्या वेळी बाराखडी गिरवत होता, त्याला यातलं फारसं आठवत नसणार. म्हणून मीच लिहून ठेवते आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपुरात महाल भागात राहत होतो. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, आजोबा सरकारी कचेरीत होते. एका दुपारी टेबलाशी बसल्या बसल्या त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून ते घरी आले ते कोमेजलेला चेहरा घेऊन. निघताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "या वेळी निभावलं. पुढचं तुमच्या स्वयंपाकघरावर आहे." सिगारेट बंद, तेल कमी, सकाळी फिरणं.

सिगारेट त्यांनी त्याच दिवशी सोडली. अडचण तेलाची होती.

आमचं घर विणकरांचं. तुमचे पणजोबा हातमागावर लुगडी विणत. त्यांच्या माघारी पणजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वयंपाकघराचा मान राखला होता. रविवारच्या मटणाच्या रश्श्यावर लाल तेलाची तर्री बोटभर तरंगली पाहिजे. पाहुण्याच्या ताटात वरून आणखी एक पळी तर्री वाढली नाही, तर तो मनात धरतो. मी तेलाच्या डब्यातली पळी काढून चहाचा चमचा ठेवला, तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काहून वं, माह्या पोराले तेल देऊन राहिली का दवा?"

"दवाच समजा, आई," मी म्हटलं.

त्या दोन दिवस माझ्यावर रुसल्या. पण चमचा तिथेच राहिला. आजोबा अंधार फिटायच्या आत कॅनव्हासचे बूट घालून 'शुक्रवारी' नावाच्या तलावाकडे रोज फिरायला जात, घामाघूम होऊन परत येत. मला वाटायचं, सगळं वेळच्या वेळी आणि नीट चाललं आहे.

पुढच्या तपासणीला वजन वाढलेलं निघालं. रक्तदाबही चढलेला. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. परत येताना रिक्षात माझ्या डोळ्यांसमोर दोन लहान मुलं आणि रिकामी खुर्ची येत होती.

उलगडा सासूबाईंनी केला. धुण्यात आजोबांचा रुमाल होता. त्यांनी तो नाकाशी नेला, उजेडात धरला आणि लेकाला हाक मारली.

"काय गा, ही तर्री कोणाच्या घरची?"

आजोबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. तलावाला चक्कर मारून झाली की सोबतची मंडळी कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या ठेल्यावर थांबत. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री, वर कच्चा कांदा. "चार जण बोलावतात, माय. नाही कसं म्हणू? अन् डॉक्टरनं फिराले सांगितलं. कुठं थांबू नको, हे कुठं सांगितलं?"

मला रागाने रडू आलं. सासूबाई मात्र तो रुमाल हातात घेऊन ओट्यावर बसल्या. मग हळू म्हणाल्या, "तुह्या बापानं जलमभर तर्री खाल्ली. पण थो दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय मारे. पाय थांबले का माग थांबे. तू त खुर्चीवर बसून राहतं, बाबू. माग सुटला अन् तर्री तेवढी आपण धरून ठेवली."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या नऊवारीचा काष्टा आवळून, चपला घालून दारात उभ्या होत्या. "चाल. मी बी येतो."

आजोबांनीच मला नंतर सांगितलं. चक्कर झाली, सगळे ठेल्यावर थांबले, आणि सासूबाई पुढे होऊन म्हणाल्या, "याले बिनतर्रीचे पोहे दे."

ठेलेवाला हसला. "माय, बिनतर्रीचे पोहे म्हणजे बिननवरदेवाची वरात!"

"वरात नाही निघाली तरी चालते, बाप्पा. अंत्ययात्रा निघाली नाही पाहिजे."

सोबतच्या मंडळींपैकी एकाने आपल्या ताटलीकडे पाहिलं आणि ती तशीच खाली ठेवली. त्या ठेलेवाल्याचे मी आजही आभार मानते. पुढे आजोबा दिसले की तो न विचारता लिंबू पिळून कोरडे पोहे देई.

त्या रविवारी सासूबाईंनी नेहमीसारखाच रस्सा केला. उकळी बसल्यावर मला वाटी आणायला सांगितली, पळी घेतली आणि वरची तर्री अलगद काढत गेल्या. ज्या तर्रीवर सगळ्या आळीत त्यांचं नाव होतं, ती त्यांनी वाटीत भरून बाजूला सरकवली. "सगळ्याइले हाच रस्सा," त्या म्हणाल्या. "एकट्याले वेगळं वाढलं त त्याले बिमार वाटते." आजोबांनी रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला.

वजन हळूहळू उतरलं. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. मी त्यांना सांगितलं, शाबासकी घरी म्हाताऱ्या बाई आहेत त्यांना द्या. सासूबाई शेवटपर्यंत लेकासोबत फिरायला जात राहिल्या. पुढे त्यांची जागा मी घेतली. तुमच्या आजोबांनी मुलांची लग्नं पाहिली, नोकरी पुरी केली, तुम्हाला मांडीवर घेतलं. यातलं बरंचसं त्या बाईने वाटीत काढून ठेवलेल्या तर्रीमुळे मिळालं, असं मी मानते.

आता मायलेक दोघंही नाहीत. ठेलाही उठला. तेलाच्या डब्यात चहाचा चमचा आहे, आणि मी रोज सकाळी तलावाला चक्कर मारते.