भोंग्यानंतर मशीनमध्ये उरलेली माणसं

आमच्या ह्यांचं नाव नरहर, पण बरखेड्याला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये त्यांना सगळे 'मेमरीवाले' म्हणायचे. आणि घरात? घरात गॅस संपलाय हे चार वेळा सांगावं लागायचं. मी सुनंदा, टाउनशिपच्याच शाळेत गणित शिकवायची, तेव्हा डोकं कसं चालतं ते मला कोणी शिकवू नये. ह्यांचं कारखान्यात चालायचं आणि घरी आलं की सुट्टीवर जायचं.

कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात तेव्हा एकच मोठी मशीन होती. डिझाइनचे इंजिनियर आपापल्या टर्मिनलवर बसून तिच्यावर नकाशे काढायचे, आणि ती सांभाळणं हे ह्यांचं काम. मशीनच्या पोटात कर्नल नावाचा प्रोग्राम असतो, तो सगळ्यांना मेमरी वाटून देतो, म्हणे. एकदा पोळ्या लाटता लाटता विचारलं, हा तुमचा कर्नल करतो तरी काय? झालं, माणसाला कंठ फुटला. दहा जणांनी एकच नकाशा उघडला तर तो मेमरीत दहा नकाशे ठेवत नाही. एकच ठेवतो, त्याला हे ऑब्जेक्ट म्हणायचे, आणि तो किती जणांनी धरलाय ते मोजत राहतो. एखाद्याने त्यात फेरफार केला, तर तेवढ्याच पानाची, म्हणजे मेमरीच्या तेवढ्या तुकड्याची, वेगळी प्रत त्याला काढून देतो. जागा कमी पडली की बराच वेळ न लागलेली पानं डिस्कवर नेऊन ठेवतो, कोणी मागितली की परत आणतो. आणि शेवटच्या माणसाने सोडलं, की जागा मोकळी. मी म्हटलं, ह्यात काय एवढं, आमच्या महाराष्ट्र मंडळात भांडी अशीच सांभाळतात. त्यावर म्हणाले, तुमच्या मंडळात निम्मी भांडी परत येत नाहीत. खोटं नव्हतं, म्हणून मी पुढची पोळी लाटायला घेतली.

पुढे मशीनच बिघडली. सकाळी नव्याने सुरू केली की ठणठणीत, दुपारी जेवणानंतर रेंगाळायला लागायची, आणि संध्याकाळी एक रेघ ओढायची म्हणजे चहा पिऊन यावं. सारखी पानं डिस्कवर न्यायची आणि परत आणायची, त्यातच तिचा जीव जायचा. विभागाचे मुख्य होते चौकसे साहेब, त्यांनी ह्यांना बोलावून सांगितलं, "नरहरजी, मशीन बूढ़ी हो गई है." ती भंगारात काढायची आणि ह्यांना दक्षिणेतल्या युनिटात पाठवायचं, असं ठरत आलं होतं. माझी शाळा इथली, माझी बदली होणार नव्हती. लग्नानंतरची कितीतरी वर्षं आम्ही अशीच दोन गावांत काढली होती, नुकतं कुठे एका घरात राहायला लागलो होतो. मला पुन्हा एकटीचा कुकर लावायचा नव्हता.

हे रोज कर्नलमध्ये चूक शोधायचे. त्यांची खात्री होती की मोजणीच चुकतेय, सोडलेलं ऑब्जेक्ट कुठेतरी धरलेलं राहतंय. एका सकाळी माझा तोल गेला. त्या मशीनशीच लग्न लावायचं होतं, निदान दोघांना बरोबरच भंगारात तरी काढलं असतं, असं बोलून बसले. हे चहा न घेता गेले आणि दुपारी जेवायलाही आले नाहीत. आमच्याकडे दुपारचा भोंगा झाला की अख्खा कारखाना सायकली-स्कूटर काढून घरी जेवायला यायचा, आणि हे तर भोंग्याच्या आधीच निघायचे. न येणं म्हणजे कडेलोट. मी शाळेतून घरी आले तर ताट तसंच झाकलेलं, मग डबा भरला आणि लुनावर थेट गेटावर.

बाहेर आले ते चेहरा असा की मी भांडायचंच विसरले.

"सुनंदा, माणसं जेवायला गेली, आणि आत सगळे बसलेलेच आहेत."

झालं होतं ते असं. वीज वाचवा म्हणून वरून आदेश होता. त्यामुळे भोंगा झाला की शेवटी निघणारा माणूस भिंतीवरच्या बोर्डाची बटणं खटाखट बंद करून टर्मिनलची ओळच्या ओळ विझवायचा. कामातून रीतसर बाहेर कोणी पडतच नव्हतं. मशीनला पत्ताच नाही. तिच्या लेखी सगळे नकाशा धरून बसलेले. दुपारी परत आले की टर्मिनलला नवी लाईन मिळायची, मंडळी पुन्हा पहिल्यापासून शिरायची, आणि सकाळच्या प्रती तशाच पडून. एकेक इंजिनियर तीन-तीन नकाशे उघडतो हे ह्यांना ठाऊक होतं, म्हणून नकाशा धरणाऱ्यांचा आकडा वाढलेला दिसूनही शंका माणसांवर न जाता कर्नलवरच गेली होती. आज उपाशी बसले म्हणून समोर टर्मिनलं विझताना पाहिली, आणि पडद्यावरचा आकडा जागचा हलला नाही. कर्नल बिचारा इमानदारीने मोजत होता.

टर्मिनल बंद झाल्याची खबर मशीनपर्यंत पोचेल अशी एकेक तार ह्यांनी स्वतः जोडली. आता टर्मिनल विझलं की काम साठवलं जायचं, प्रोग्राम संपायचा आणि जागा मोकळी व्हायची. चौकसे साहेब एका संध्याकाळी स्वतः टर्मिनलवर बसले, एक रेघ ओढली, दुसरी ओढली, आणि म्हणाले की मशीनही राहील आणि नरहरजीही.

हे घरी येऊन नुसतं "राहिलो" म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. मी पलंगाखालून ट्रंक ओढली. ह्यांचे सदरे, पांघरूण, वेगळा तांब्या-पेला, सगळं मी कोणाला न सांगता भरून ठेवलं होतं. रडत रडत एकेक वस्तू कपाटात लावली, आणि दुसऱ्या दिवशी ट्रंक कबाडीवाल्याला देऊन टाकली.