सोडा फॅक्टरीतली बैठक

ट्रिप्लिकेनच्या एका गल्लीत गोटी सोड्याची बंद पडलेली फॅक्टरी होती. फॅक्टरी म्हणजे एक लांबलचक कौलारू दालन. लाकडी खांब असे, की दोघांनी मिळून मिठी मारली तरी बोटाला बोट लागू नये. पहिल्यांदा आत पाऊल टाकलं ते नेमकं एका गोटीवर, आणि तिथून जो घसरलो तो थेट मागच्या विहिरीच्या कठड्याशी थांबलो. बायको म्हणते, चार पावलं घसरलास. असेल. विहीर मात्र खरी आहे.

मालकीण आक्का. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, घराणं तंजावरकडचं मराठी. ओळख झाली ती भाजीवाल्याच्या गाडीपाशी. काकडी कडूच निघणार, असं मी बायकोला कुजबुजत सांगत होतो. (माझी कुजबुज गिंडी स्टेशनात ऐकू जाते.) मागून शांत आवाज आला, "कडू नाहीं रे बाळा. काल मीच नेली." त्यांचं मराठी असं, जसं पूर्वजांनी बरणीत घालून झाकण लावलेलं आणि वाटेत थोडं तमिळ मुरलेलं. आम्ही दोघं सांगलीकडचे, वेलचेरीच्या नवव्या मजल्यावर लोंबकळणारे. त्या 'बाळा'वर आम्ही विकलो गेलो.

वडिलांची फॅक्टरी बंद झाल्यापासून आक्कांनी तिला कुलूप लावून ठेवलेलं. त्यांच्या भावाला ती पाडून तिथं पाच मजली लॉज हवा होता. भाऊ राहायचा पेरुंगुडीला, वय पासष्ट, आक्का त्याला अजून 'तंबी', म्हणजे धाकट्या, म्हणून हाक मारायच्या. कागद तयार होते, फक्त आक्कांची सही बाकी. तंबीचा प्रश्न एकच: "जागा अशी सुम्मा किती दिवस ठेवायची?" सुम्मा म्हणजे उगाच, आणि या शहरात यापेक्षा मोठा आरोप नाही.

एके दिवशी आमच्यासमोरच आक्का चिडून त्याला बोलून गेल्या, "सुम्मा नाहीं. तिथं गाणं होणार आहे." हे आम्हालाही तेव्हाच कळलं. गाणार होती माझी बायको.

तंबी म्हणाला, "सरी, ठीक. रविवारी संध्याकाळी येतों. दालन भरलं तर कागद परत नेतों. नाहीं भरलं तर तिथंच सही कर."

"माणसं माझ्याकडे लागली," मी म्हणालो. "अख्खी वेलचेरी आणतो."

दोन आठवडे आम्ही झाडत होतो. इतक्या गोट्या निघाल्या की मरीना बीचवर वाळूऐवजी पसरता आल्या असत्या. रविवार उजाडला. वेलचेरीहून गाडी थेट येते, पण रविवारी दुपारी जेवलेला मराठी माणूस येत नाही. सगळे मिळून सात जण. त्यातला एक तबलजी, गिंडीच्या कारखान्यात गिअर तपासणारा माझा मित्र. दुसरा तंबी. तो भिंतीशी खुर्ची टाकून बसला, मांडीवर कागदांची पिशवी. आक्का सतरंजीच्या सुरकुत्या पुन्हा पुन्हा काढत होत्या. रिकामी सतरंजी फार सुरकुतते.

बायकोनं सूर लावला. खरं सांगतो, ती त्या दिवशी छान गायली. त्या कौलांखाली आवाज असा फिरला, जणू दालन एवढी वर्षं तोंड मिटून बसलेलं. ती समेवर आली आणि मी, नवरा म्हणून आणि माणूस म्हणूनही, सगळा जीव छातीत गोळा करून म्हणालो, "वा. वा, वा, वा."

तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये', हे मला माहीत होतं. माझ्या तोंडाला माहीत नव्हतं.

दार उघडं होतं. आधी समोरची फुलवाली आली, टोपली कमरेवर घेऊनच. मग शेअर ऑटोवाला, मागोमाग त्याचे उतारू. इस्त्रीवाला, दूधवाला आणि त्याची गाय. गाय मी नंतर घातली असं बायकोचं म्हणणं आहे, पण ती समोर बघून गात होती, तिला काय कळणार. प्रत्येक समेला मी ओरडत होतो आणि प्रत्येक समेला गल्ली आत येत होती.

गाणं थांबल्यावर फुलवालीनं मला धरलं. आक्का तिचं तमिळ मराठीत सांगत गेल्या, चवीचवीनं.

"म्हणते, तुझ्या आईच्या वयाची आहे मी. मला 'ये, ये' काय करतोस? 'या' म्हणावं."

"मग काय म्हणायचं?"

"वांग."

"भाजी?"

"भाजीच म्हण. मान राहातो."

मागून तंबी उठून आला. "हें काय भरणं झालं, आक्का? हीं माणसं गाणं ऐकायला आलीं का? ह्यानं बोलावलं म्हणून आलीं."

"मग? बोलावल्याशिवाय कोण येतं?" आक्का म्हणाल्या. "मीच कधी कुणाला बोलावलं नव्हतं."

तेवढ्यात फुलवालीनं तंबीलाच मालक समजून विचारलं, दुपारच्या उन्हात इथं आत बसून गजरे ओवले तर चालेल का, बाहेर मोगरा कोमेजतो. ऑटोवाल्यानं विचारलं, दोन ते चार पाठ टेकता येईल का. इस्त्रीवाल्याला विहीर बघायची होती. माझ्या डोक्यात कॅफे होता, उघड्या विटांची भिंत होती, महागडी कॉफी होती. हे कुणी मागितलंच नाही.

तंबी प्रत्येकाला तमिळमध्ये बजावत होता, चपला बाहेर, विहिरीत वाकायचं नाही, केर ज्याचा त्यानं काढायचा. नियम सांगता सांगता त्यानं कागदांची पिशवी काखेत मारली, ती पुन्हा काढली नाही.

मग तो बहिणीकडे वळला. "आणि रोज कुलूप कोण उघडणार? तुझे गुडघे हे असे."

"तू."

"पेरुंगुडीहून?"

"बस आहे."

तंबीनं छताकडे पाहिलं, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, आणि आवाज शक्य तेवढा कडक ठेवत म्हणाला, "दहाच्या आधीं जमणार नाहीं."