सहाव्या परिच्छेदातली मेहंदीवाली

"काळी मेहंदी हाय का?" असे कोणी विचारले की त्या बाई हातातले काम थांबवीत, उजवा तळहात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर उघडा धरीत आणि म्हणत, "हे पाहा. जलम गेला कालवता कालवता. कुठं काळा झाला?" तळहात भाजलेल्या विटेच्या रंगाचा असे. मग मूठ मिटून निकाल देत: "काळी मेहंदी नसते, बाप्पा. मेहंदी हिरवी असते, लाल होते. काळं काऊन होते, ते दुकानदाराले पुसा."

माझी सारी सेवा न्यायालयात गेली. इतक्या थोडक्यात आणि इतका निर्विवाद सादर झालेला पुरावा मी तेथे क्वचितच पाहिला.

त्यांचे नाव मी येथे लिहिणार नाही. एकदा लिहिले होते. गावाच्या नावासह, शुद्ध हेतूने, टंकलिखित स्वरूपात. त्यातून त्यांचे जे झाले, तेच सांगण्यासाठी हा प्रपंच आहे. ते सांगून झाल्यावर मला त्याचा अर्थ लागेल, असा माझा दावा नाही. वाचकांपैकी कोणास लागल्यास त्याने अवश्य कळवावे.

शेगावच्या आठवडी बाजारात, भाजीच्या ओळीच्या अगदी शेवटी त्या बसत. वरवट बकालच्या बाजूच्या एका खेड्यात त्यांच्या घरचा मळा होता. पुढ्यात मेथी, वांगी, कांद्याची पात. आणि उजव्या गुडघ्याशी कापडी पिशवीत वस्त्रगाळ हिरवी पूड. पाने सावलीत वाळवायची, उखळात कुटायची, जुन्या लुगड्यातून गाळायची, एवढीच त्यांची निर्मितिप्रक्रिया.

त्यांची आणि माझी गाठ पडली ती माझ्या सुजलेल्या डोळ्यांमुळे. पुतण्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी दुकानातून एक पुडी आणली. तिच्यावर हिरव्या पानांचे चित्र होते आणि 'शंभर टक्के नैसर्गिक काळी मेहंदी' अशी ग्वाही होती. अर्ध्या तासात केस काळेभोर झाले. सकाळी उठलो तो पापण्या उघडेनात. त्या लग्नाच्या प्रत्येक छायाचित्रात मी काळा चष्मा लावून उभा आहे. डॉक्टरांनी पुडी मागविली, उलटी केली आणि भिंगाखाली मला दाखविले: मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत रसायनाचे नाव छापलेले होते. पुढे पाने, मागे रसायन! ग्राहक संरक्षणाच्या कायद्यात यालाच अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात. संतापाने माझी सूज वाढली, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे.

त्याच मला बाजारात घेऊन गेल्या. "मावशी, ह्यांना काही त्रास होणार नाही असं द्या," त्या म्हणाल्या.

बाईंनी माझ्याकडे पाहिले. "डोळे कशानं सुजले?"

"काळ्या मेहंदीने," मी म्हणालो.

"मेहंदीनं नाई सुजले मंग. काळ्यानं सुजले."

मी पिशवीकडे बोट दाखवून विचारले, "यात काय काय आहे?"

"पाला."

"आणखी?"

"आणखी पाला."

"प्रमाण?"

"आता पाल्यात पाल्याचं काय परमान सांगू, साहेब?" शेजारच्या कांदेवाल्या बाई पदराआड हसल्या. मेहंदीवाल्या बाईंनी मात्र न हसता सूचना दिल्या. "लोखंडाच्या कढईत चहाच्या पाण्यानं कालवजा. रातभर राहू देजा. पहिले कानामागं बोटभर लावजा आन् एक दिस थांबजा. खाज नाई आली, तं मंग डोक्याले."

"एक दिवस थांबायचे?"

"घाई असंल तं पुडीवालं दुकान तिकडं हाय."

मी थांबलो. कानामागे काही झाले नाही. मग डोक्याला लावली, धुतली आणि आरशात पाहिले. माझे डोके केशरी झाले होते. टपाल खात्यातून निवृत्त झालेले आमचे शेजारी फाटकातूनच ओरडले, "काय साहेब, डोक्यावर संत्र्याचा अंबिया बहार आला वाटते!" मी चप्पल घालून तडक गाडी पकडली आणि त्यांचे खेडे गाठले. बाई मळ्यात वांगी तोडत होत्या.

"बाई, हा रंग मला मान्य नाही."

"कवा लावली?"

"आज सकाळी."

"मंग आजच काऊन आले? रंग अजून चढून राह्यला. परवा पाहजा आन् मंग भांडाले येजा."

तिसऱ्या दिवशी केसांना पिकल्या खजुराचा रंग आला. भांडायला जाण्यास आधार उरला नाही. त्याबद्दल मला थोडे वाईटही वाटले.

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक बाजारी मी त्यांच्यापाशी पाच-दहा मिनिटे उभा राहू लागलो. त्या मला वकीलसाहेब म्हणत. "मी वकील नाही, न्यायालयात अधीक्षक होतो," असे मी तीनदा स्पष्ट केले. "हो, तेच. कागदवाले," त्या म्हणाल्या आणि पुढेही वकीलसाहेबच म्हणत राहिल्या. माझ्या डोक्याला किती पूड लागेल हे त्या माझ्याकडे पाहून ठरवीत. जास्त मागितली तर देत नसत. "शिळी लावान आन् मले बोल लावान."

एकदा एक आई काकुळतीला येऊन म्हणाली, "मावशी, उद्या पाव्हणे येऊन राह्यले पोरीले पाह्याले. पटकन काळे होतीन असं काई मिसळा ना यात."

"पोरगी दाखवायची हाय का केस?" बाईंनी विचारले. ती आई रागावून निघून गेली. हातचे गिऱ्हाईक का घालविले, असे मी विचारल्यावर त्यांनी जे उत्तर दिले ते मी तेव्हा नीट ऐकले नाही, याची मला आज खंत आहे. त्या म्हणाल्या, "भाजी पोराची हाय, साहेब. मेहंदी माही."

भाजीचे पैसे घरात जात. मेहंदीचे त्यांच्या कनवटीला लागत. लेकीला लुगडे घ्यायचे असो की आजारी बहिणीला भेटायला जायचे असो, त्यासाठी त्यांना कोणाचे तोंड पाहावे लागत नसे. आयुष्यात त्यांच्या एकटीच्या मालकीची म्हणावी अशी वस्तू ती कापडी पिशवी एवढीच होती. हे मला उशिरा कळले.

दरम्यान त्या पुड्यांविरुद्ध मी पत्र लिहावयास घेतले होते. उत्पादकाने माझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नव्हते, म्हणून जिल्ह्याच्या संबंधित कार्यालयाकडे सात पानांचे निवेदन तयार केले. पहिले पाच परिच्छेद पुडीवरील खोट्या ग्वाहीविषयी होते. सहावा तुलनेचा होता. तो मला अजून शब्दशः पाठ आहे: 'याउलट, सदर बाजारात भाजीच्या ओळीत बसणाऱ्या अमुक बाई, राहणार अमुक, या केवळ वाळविलेल्या पानांची पूड विकतात. तिची तपासणी केल्यास शुद्ध मेहंदी कशी असते, हे कार्यालयास प्रत्यक्ष दिसून येईल.'

सौभाग्यवतींनी मसुदा वाचला. "अहो, तिचं नाव-गाव कशाला घातलंत?"

"नाव-गाव नसलेल्या पुराव्याला किंमत नसते."

"तिला विचारलंत?"

"कोणाविषयी चांगले लिहिण्यास त्याची परवानगी लागत नाही," मी म्हणालो. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी ते पत्र नोंदणीकृत टपालाने पाठविले.

कार्यालयाने माझे पत्र वाचले, हे मान्य केले पाहिजे. निदान सहावा परिच्छेद तरी वाचला. एका बाजारी एक गृहस्थ आले, त्यांनी बाईंचे नाव-गाव विचारून खात्री करून घेतली आणि उत्पादन-परवाना मागितला. वेष्टनावर मजकूर कोठे आहे, तयार केल्याची तारीख कोठे आहे, असे विचारले. वेष्टनच नव्हते. त्यांनी कापडी पिशवी नमुना म्हणून मोहोरबंद केली, बाईंचा अंगठा घेतला आणि परवाना मिळेपर्यंत विक्री करू नये अशी समज दिली. त्यांच्या मागे वीस पावलांवर, दुकानाच्या दारात, काळ्या मेहंदीच्या पुड्यांची माळ वाऱ्यावर हलत होती. त्या पुड्यांवर सर्व मजकूर होता. तारीखही होती.

मला पत्र आले: 'आपल्या तक्रारीच्या अनुषंगाने आवश्यक ती कार्यवाही करण्यात आली आहे.' मी ते आनंदाने सौभाग्यवतींना वाचून दाखविले आणि माळ उतरविली की नाही हे पाहण्यासाठी बाजारात गेलो.

बाई भाजी विकत होत्या. उजव्या गुडघ्याशी काही नव्हते. घडले ते त्यांनी मला कोणत्याही रागाविना सांगितले. "कोणंतरी कागद लिवला म्हणे माह्यावर."

तेव्हा मी गप्प राहू शकलो असतो. कायद्याने माझ्यावर बोलण्याचे बंधन नव्हते. परंतु मी म्हणालो, "तो कागद माझा होता."

त्यांनी मेथीची जुडी बांधून पूर्ण केली. "चांगलं लिवलं होतं का वाईट?"

"चांगले. फार चांगले."

"मंग त्यायनं वाईट कसं वाचलं?"

पत्रातील एकही विधान असत्य नव्हते. ते गृहस्थही नियमानुसारच वागले. विनापरवाना पूड विकणे योग्य नव्हे, हे दुसऱ्या कोणाविषयी असते तर मीच ठणकावून लिहिले असते. मग अन्याय झाला तो नेमका कोणत्या टप्प्यावर, हे मी पत्राची प्रत पुढे ठेवून ओळीओळीने शोधले आहे. प्रत्येक ओळ निर्दोष आहे.

बाई माझ्या डोक्याकडे पाहत होत्या. "मांगून पांढरं दिसून राह्यलं, साहेब." मग त्यांनी वांग्यांच्या टोपलीखालून सुतळीने बांधलेली हिरवी पेंढी काढली. "पूड नेली त्यायनं. पाला नाई नेला. पाला इकाले परवाना लागते का हो, वकीलसाहेब?"

सौंदर्यप्रसाधन कोणास म्हणावे, शेतमाल कोणास म्हणावे, आणि मेहंदीचे पान तोडल्यापासून कुटेपर्यंत एकातून दुसऱ्यात नेमके कधी जाते, हे मला ठाऊक नव्हते. "पाहून सांगतो," मी म्हणालो.

"पाहा. पण कोणाले इचारू नका."

मी विचारले. वाचकहो, मला दुसरी रीत येत नाही. नाव-गाव काहीही न घालता, केवळ तत्त्वाचा प्रश्न म्हणून, पंधरा ओळींत विचारले. त्या पत्राचे उत्तर आले नाही. परंतु पुढच्या बाजारी टोपलीखाली पेंढी नव्हती आणि त्याच्या पुढच्या बाजारी बाईच नव्हत्या. भाजीवर त्यांची सून बसली होती. माझ्या दुसऱ्या पत्राचा त्यांच्या न येण्याशी संबंध होता काय? नसावा. कसा असेल? त्यात तर नावही नव्हते.

मी परवान्याचा अर्ज मिळविला. त्यात जागेचा नकाशा, यंत्रसामग्रीची यादी आणि तज्ज्ञ व्यक्तीची पात्रता विचारली होती. मला जे भरता आले ते मी सुवाच्य अक्षरात भरले, यंत्रसामग्रीच्या रकान्यात 'उखळ' असे लिहिले, अंगठ्याची जागा रिकामी ठेवली आणि अर्ज घेऊन त्यांच्या खेड्याला गेलो.

सून मळ्यात होती. माझे डोके पाहून तिने मला ओळखले.

"सासूबाई बीबी गावाले गेल्या. पोरीकडं."

"कधी येतील?"

"सांगतलं नाई."

"प्रकृती बरी आहे ना?"

"बरी हाय जी. काई झालं नाई त्याईले." ती थोडी घुटमळली. "तुमी येसान म्हणल्या होत्या. साहेब आले तं कुंपणाचा पाला लागंल तेवढा तोडून नेऊ द्या, म्हणल्या. पण इकायचा नाई म्हणे तुमाले."

"मला विकायचा नाही, असे का म्हणाल्या?"

"मले काय माईत? एवढंच म्हणल्या."

विक्री नसेल तेथे परवान्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा तो त्यांनी माझ्यासाठी शोधलेला मार्ग असावा. माझ्या डोळ्यांची त्यांना काळजी असावी. किंवा ज्याच्याशी व्यवहार केला की घरापर्यंत कागद येतो, त्याच्याशी यापुढे व्यवहार नको, असा तो स्पष्ट मनाई-हुकूम असावा. दोन्ही अर्थ त्या एका वाक्यात बसतात. साक्षीदार बीबीला होता आणि उलटतपासणीची सोय नव्हती.

मी अर्ज सुनेपुढे धरला. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मग मी तो खिशात ठेवला, पिशवी काढली आणि मळ्याच्या कुंपणाशी उभा राहून पाने तोडू लागलो. मेहंदीच्या जुन्या फांद्यांची टोके काट्यासारखी असतात. हे मला ठाऊक नव्हते. सून काही अंतरावर उभी राहून पाहत होती. लागेल तेवढा, असे सांगितले होते. माझ्या डोक्याला किती लागतो, हे मी तिला विचारले.

"ते त्याईलेच माईत," ती म्हणाली.

मी तोडत राहिलो.