मेहुण्याच्या बॅगेतली खसखस

पाव किलो खसखस मेहुण्याच्या बॅगेत मीच ठेवली होती, त्याला न सांगता. आणि पुढचे तीन दिवस हे मी कुणालाच सांगितलं नाही.

मेहुणा आखातात वेल्डर आहे. सुटी संपवून परत निघाला, तेव्हा सावजी मसाल्यासोबत ही पुडीही मी कपड्यांत सरकवली. खसखशीशिवाय सावजी रस्सा कसला? तिथल्या विमानतळावर पुडी निघाली आणि त्याला अटक झाली; त्याच दिवशी त्याच्या कंपनीनं आम्हाला फोनवर कळवलं. तिकडे खसखस बाळगणं गुन्हा आहे, हे रोज अख्खा पेपर वाचणाऱ्या मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "भाऊजी, अरबी कागदावर सही मागून राहिले. काय करू?"

"करून टाक गा. साहेबासोबत वाद नको घालू, मिटून जाईन."

"लिहिलं काय तेच समजत नाही, तर सही काहून करू? इथं एक केरळचा माणूस आहे. तो म्हणते, आपल्या दूतावासाले कळवा म्हनाचा आपल्याले हक्क आहे. दुभाषीही मागता येते."

नशीब, त्यानं माझं ऐकलं नाही.

इकडे बायको भावावरच तापली होती. "एवढी अक्कल नाही याले! काहून नेली असंन?" मी मान डोलावली आणि पोहे संपवले. आजही आठवलं की लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दूतावासातून फोन आला. त्यांचा माणूस मेहुण्याला भेटला होता, दुभाषीही मिळाला होता. पुडी दुसऱ्यानं ठेवली असेल तर तसं लिहून द्या, नाहीतर प्रकरण लांबेल आणि नोकरी जाईल, असं त्यांनी सांगितलं.

फोन ठेवून मी बायकोला म्हणालो, "मी ठेवली वं."

"अन् तीन दिवस माह्या भावाले शिव्या खाऊ देल्या?"

त्याच दुपारी वकिलाकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं आणि दूतावासाला पाठवलं. आठवड्याभरात मेहुणा सुटला, नोकरीही टिकली. खोलीवर पोहोचताच त्यानं फोन केला. "भाऊजी, आतलं जेवण तुमच्या हातच्यापेक्षा बरं होतं बरं का!"

तो हसत होता, म्हणून विषय तिथेच सोडून देणं सोपं होतं. मी सोडला नाही.

"ऐक. तुले न सांगता पुडी ठेवली, हे चुकलंच. पण तू आत असताना मी इथं तोंड बंद करून बसलो, ते त्याहून वाईट. मले माफ कर गा."